बेताचा धूर

मित्राने विमानतळावरून आणलेली बाटली टेबलावर ठेवली आणि खोलीतले आवाज आपोआप खाली आले. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरची सिंगल माल्ट होती. बेटाचं नाव आयला. आपल्याकडे हा उद्गार आहे, आणि पहिल्या घोटाला माझ्या तोंडून तोच निघणार होता. फिनेलने पुसलेल्या दवाखान्यात कोणीतरी सायकलची ट्यूब जाळावी, तशी चव. मी घोट गिळला, डोळ्यांतलं पाणी जिरवलं आणि म्हणालो, "वा! क्लासच."

ही थाप मी पुढे दोन वर्षं चालवली. ग्लास हातात आला की 'स्मोक काय मस्त आहे' म्हणायचं आणि कोणाचं लक्ष नसताना बर्फ वाढवायचा. एखाद्या नवख्याने नाक मुरडलं तर त्याला ऐकवायला एक वाक्य तयार असायचं. मलाही पहिल्या दिवशी तेच ऐकवलं होतं: "पॅलेट डेव्हलप व्हायला वेळ लागतो रे."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आणि मला त्या थापेतून ज्यांनी सोडवलं, त्या हलक्या धुराच्या स्कॉच माल्टांबद्दल आहे. (महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आहे. त्याच्या आतल्यांनी पुढचं सगळं निव्वळ वाचन म्हणून घ्यावं.)

*

'डेव्हलप' या शब्दात एक शिडी दडलेली असते. खालच्या पायऱ्यांवर मधाच्या आणि फळांच्या वासाच्या गोडसर व्हिस्क्या, मधे थोडा धूर, आणि सगळ्यात वर ती जळकी ट्यूब. वर पोचला तो दर्दी, मधे थांबला तो कच्चा. या हिशेबात हलक्या धुराची माल्ट म्हणजे जिन्यातला कोपरा. तिथे दम खायचा, राहायचं नाही. 'नवीन असाल तर ही घ्या, मग हळूहळू पुढे जा' हा सल्ला याच शिडीवरून येतो.

आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याबद्दल 'कान तयार झालाय' असं म्हणतात. तयार कानाची खूण काय? त्याला मोठा आवाज सोसतो, ही नक्कीच नाही. तानपुऱ्याची एक तार किंचित उतरली तरी त्याला कळतं, ही आहे. तयार जिभेलाही हीच कसोटी लावायला हवी. किती धूर सोसतो, हे विचारून काही हाती लागत नाही. धूर असताना त्याच्याशेजारी आणखी काय काय आहे ते कळतं का, हे विचारायला हवं. आणि ते शिकायचं तर धूर बेताचाच लागतो.

*

हा धूर येतो कुठून? व्हिस्कीसाठी बार्ली भिजवून मोड आणतात आणि मोड वाढायचे थांबावेत म्हणून ती वाळवतात. या वाळवणीसाठी खाली पीट जाळलं, तर त्याचा धूर ओलसर दाण्यांना, मुख्यतः सालीला, चिकटतो. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. कोळसा व्हायच्या वाटेवर अडकलेली माती म्हणा. दलदलीत हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर खोल खणलं की काही शतकं मागे गेलात.

धुरातले फिनॉल या गटातले पदार्थ किती चिकटले, ते 'पीपीएम'मध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. व्हिस्कीप्रेमींना हा आकडा तोंडपाठ असतो. आर्डबेग ५०-५५, लॅफ्रॉइग ४०-४५, बोमोर २५च्या आसपास, टॅलिस्कर २०च्या आसपास, बेनरोमॅक आणि स्प्रिंगबँक १०-१५. ब्रुकलॅडी डिस्टिलरीची 'ऑक्टोमोर' एका आवृत्तीत ३०९पर्यंत गेली होती. दहावीच्या टक्क्यांसारखं आहे हे. वाढत जातं आणि सांगत काहीच नाही.

कारण हा आकडा वाळलेल्या बार्लीचा असतो, तुमच्या ग्लासातल्या व्हिस्कीचा नसतो. बार्ली दळताना आणि गरम पाण्यात भिजवताना, पुढे आंबवताना, मग दोनदा ऊर्ध्वपातन करताना त्यातला मोठा भाग मागेच राहतो. उरलेला पिंपात वर्षागणिक मऊ पडतो. शिवाय धुराचे जड घटक ऊर्ध्वपातनात उशिरा येतात. म्हणून डिस्टिलरीवाला धार कधी तोडतो, यावर ग्लासात किती धूर येणार ते ठरतं. आयला बेटावरच्या लॅगाव्हूलिन आणि कूल ईला या दोन डिस्टिलऱ्या पोर्ट एलन इथल्या एकाच कारखान्यातून, जवळपास एकाच मापाची धुरावलेली बार्ली घेत आल्या आहेत. तरी लॅगाव्हूलिन जाड आणि गडद लागते, कूल ईला लिंबासारखी हलकी आणि स्वच्छ. आकडा तोच, स्वभाव वेगळे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. आयला म्हणजे धूर, आणि बाकीचं स्कॉटलंड म्हणजे बिनधुराचं, असं नाही. आयलावरच्या बुनाहावनची मुख्य व्हिस्की बिनधुराची आहे. उलट बेनरोमॅक स्पेसाइडात आहे, आणि स्पेसाइड तर फळं-मधाच्या व्हिस्कीसाठी प्रसिद्ध. नकाशा पाहून बाटली घेतली तर फसायला होतं.

*

धूर सोडवायचा तर आधी त्याला नाव द्यावं लागतं. इथे मला माझी भाषा कामाला आली.

इंग्रजी चवनोंदींमध्ये 'कॅम्पफायर' असतो, 'बॉनफायर' असतो, 'हेदर' असतं. हेदर म्हणजे स्कॉटिश माळावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. मी ते पाहिलेलं नाही. कॅम्पफायरही आयुष्यात दोनदा, तोही पेट न घेणारा. या शब्दांनी मी व्हिस्की ओळखू पाहत होतो म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचत होतो. अंधुक दिसायचं, आणि दोष डोळ्यांना द्यायचो.

प्रत्यक्षात धुराच्या वासांची शिदोरी आपल्याकडे भरपूर आहे. चुलीवर तापवताना दुधाला लागलेला धूर. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेल्या हुरड्याचा खमंगपणा. खानदेशात काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताचा ओलसर, गोडूस धूर. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-वेखंडाची धुरी. भाकरीचा पापुद्रा जळतो तो करपट वास. विझलेल्या शेगडीतली राख. सुक्या बोंबलांचा खारा वारा. गुडघा फुटल्यावर लावायचं टिंक्चर आयोडीन.

अलिबागकडची पोपटी घ्या. मडक्यात वालाच्या शेंगा भरताना भांबुर्डीचा पाला घालतात, मग मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. पाला बदला, पोपटी बदलते. पीटचंही असंच आहे. ऑर्कनी बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून तिथलं पीट लाकडापेक्षा हेदर आणि गवताचं, आणि त्याचा धूर फुलासारखा गोडसर. आतल्या मुलखातल्या पीटचा धूर कोरडा, मातकट, लाकडाच्या जवळचा. आयलाच्या पीटमधून तो औषधी वास येतो. त्यातला क्रेसॉल हा घटक जंतुनाशकांतही असतो. म्हणजे पहिल्या रात्री मला जे 'फिनेल' आठवलं होतं, ते अडाण्याचं मत नव्हतं. बरोबर ओळख होती. मीच तिला 'वा' म्हणून दडपून टाकलं.

*

आता बाटल्यांकडे. मी चार सांगतो. चारही स्कॉटलंडच्या चार वेगळ्या कोपऱ्यांतल्या.

सुरुवात बेनरोमॅक १०पासून करावी. डिस्टिलरी फॉरेस गावाजवळ, स्पेसाइडात. बंद पडली होती. गॉर्डन अँड मॅकफेल या जुन्या व्यापारी घराण्याने ती १९९३मध्ये विकत घेतली आणि १९९८मध्ये पुन्हा सुरू केली. स्पेसाइडच्या व्हिस्कीत पूर्वी थोडा धूर असायचा, तशी व्हिस्की परत करायची, असं त्यांनी ठरवलं. ग्लासात आधी मोड आलेल्या धान्याचा वास, मग संत्र्याची साल, थोडं आलं, आणि घोट उतरून गेल्यावर मागून धूर. दूध तापवताना चूल शेजारी होती एवढंच कळावं, इतका. ४३ टक्के अल्कोहोल असल्यामुळे अंगही बरं आहे. माझी थाप या बाटलीने संपवली. इथे मला पहिल्यांदा धूर 'आवडला' असं म्हणावं लागलं नाही. मी दुसरा घोट कधी घेतला तेच कळलं नाही.

दुसरी आर्डमोर. ही ॲबर्डीनशरमधली डिस्टिलरी टीचर घराण्याने १८९८मध्ये उभारली, ती मुळात 'टीचर्स हायलंड क्रीम' या त्यांच्या ब्लेंडला माल्ट पुरवण्यासाठी. टीचर्स! मामा-काकांच्या कपाटातली, लग्नात गच्चीवर उघडली जाणारी. तिच्यातला तो किंचित धुरकटपणा मुख्यतः आर्डमोरचा. म्हणजे ज्याला आपण 'डेव्हलप' व्हायची चव समजतो, ती आपल्या घरात पिढीभर आधीच आलेली होती. फक्त कोणी तिचं नाव सांगितलं नव्हतं. आर्डमोरची स्वतःची 'लेगसी' बाटली साधी आहे. व्हॅनिला, थोडी मिरी, कोरडा लाकडी धूर. ४० टक्क्यांवर ती पातळ पडते आणि पटकन संपते, ही तिची उणीव. पण सोडा घातला तर तिच्यात जीव येतो. सोड्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

तिसरी हायलंड पार्क १२, ऑर्कनीच्या कर्कवॉल गावची. या डिस्टिलरीची परंपरा अशी की थोडी बार्ली जवळच्या हॉबिस्टर माळावरच्या पीटवर चांगली धुरवायची आणि ती बिनधुराच्या बार्लीत मिसळायची. डाळीला फोडणी वेगळी करून वरून घालावी तसं. शेरीच्या पिंपांमुळे मध आणि सुक्या मेव्याचा गोडवा, त्यात तो हेदरचा धूर. मांडणी सुंदर आहे. पण दोन तक्रारी. एक, इतका नाजूक धूर ४० टक्क्यांवर बाटलीत भरला की त्याच्याखालची जमीनच सरकते. हलका धूर आणि पातळ व्हिस्की या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी, बाटलीवर काही वर्षं व्हायकिंगांचा एवढा गाजावाजा होता की आत ढाल-तलवार असेल असं वाटावं. आत असते मधाची वाटी. जाहिरातीलाही बहुधा हलक्या धुराचा संकोच वाटत असावा, म्हणून तिने आवाज चढवला.

चौथी स्प्रिंगबँक १०, कॅम्बेलटाउनची. बार्लीला मोड आणण्यापासून बाटलीत भरण्यापर्यंत सगळं एकाच आवारात. बार्ली काही तास पीटच्या धुरावर आणि उरलेला वेळ नुसत्या गरम हवेवर वाळवतात. ४६ टक्के, थंड करून गाळलेली नाही, त्यामुळे तेलकट भरीवपणा टिकून राहतो. समुद्राचा खारटपणा, पिकलेलं नासपती, ओलं गोणपाट, जुन्या तेलाच्या डब्याचा वास आणि या सगळ्याला बांधणारा धूर. यातलं काहीही वेगळं काढलं तर कदाचित आवडणार नाही. एकत्र असताना काही काढावंसं वाटत नाही. माझ्या मते हलका धूर काय करू शकतो याचा हा सगळ्यात चांगला पुरावा. दोष तिचा नाही, पण सांगायला हवा: मागणी इतकी की मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. कोणाकडे उघडलेली दिसली तर लाजू नये.

आयलावरचीच हवी असेल तर बोमोर १२ मधल्या वाटेवर आहे आणि स्कायवरची टॅलिस्कर १० तिच्या शेजारी. दोघींचे आकडे जवळपास, पण बोमोर हळू बोलते आणि टॅलिस्कर घशात मिरी फोडते. आणि आपल्या अंगणातली तुलना हवी असेल तर गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. तिची 'एडिटेड' हलक्या धुराची. बार्ली भारतीय, पीट स्कॉटलंडहून आणलेलं. ही स्कॉच नव्हे. तिथल्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की लवकर पिकते, म्हणून तिच्यात कॉफी आणि गूळ पुढे, धूर मागे. बेनरोमॅकशेजारी ठेवून घोट-घोट घेतली की एकाच धुराला दोन हवामानं काय करतात ते कळतं.

कशी प्यावी? तीस मिलीचा स्मॉल पुरतो. आधी कोरडा वास, तोंड किंचित उघडं ठेवून. एक छोटा घोट तसाच. मग चमचाभर पाणी, आणि पुन्हा वास. बर्फ टाकला की वास झोपतात, त्यामुळे तो शेवटी. आणि एका संध्याकाळी दोनच बाटल्या. तिसरीपर्यंत जीभ तयार होत नाही, बधिर होते.

*

गेल्या दिवाळीत आई आमच्याकडे आली होती. जेवणानंतर मी बेनरोमॅक ओतली. आई पीत नाही, पण तिला प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय आहे. तिने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाली, "दुधाला धूर लागलाय."

मी उत्साहाने तिला पीट समजावू लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "या वासापासून सुटायला आम्ही गॅसला नंबर लावला होता. तू पैसे देऊन आणतोस होय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे पीटचा इतिहास आईच्याच बाजूने बोलतो. हायलंडात आणि बेटांवर पीट जाळायचे ते चवीसाठी नाही. झाडं नव्हती, कोळसा महाग होता, आणि माती फुकट होती. उन्हाळ्यात कुदळीने विटांसारखी कापायची, वाळवायची, थंडीभर घरात जाळायची. त्याच जाळावर बार्लीही वाळायची, म्हणून व्हिस्की धुरकट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेसाइडात रेल्वे आली, कोळसा आला, आणि तिथल्या व्हिस्कीतून धूर हळूहळू ओसरला. ज्यांना सोय झाली त्यांनी धूर सोडला. धूर 'चव' झाला तो नंतर, ज्यांच्या डोळ्यांत तो कधी गेला नव्हता त्यांच्यासाठी.

हायवेवर 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या दिसतात तेव्हा हेच चाललेलं असतं. त्या पाट्यांखाली मीही थांबतो, आणि आत फुंकणीपाशी कोण बसलंय ते बहुतेक वेळा पाहत नाही. म्हणून पीटच्या बाबतीत मला तो शूरपणा आता खुपतो. किती धूर सोसला याची फुशारकी मारायची तर ती आईने मारावी. वीस वर्षं तिने सोसला, रोज दोन वेळा. तिला त्यात मर्दुमकी वाटली नाही.

जोरकस धुराच्या माल्ट वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. लॅगाव्हूलिन १६ मला आज मनापासून आवडते. थाप न मारता आवडते. पण ती आवडली ती बेनरोमॅकने नाक उघडल्यावर, आणि तिच्यात मी धूर नाही, धुराआडचा चहा आणि सुका मेवा शोधत असतो. ती आवडली नसती तरी काही बिघडलं नसतं. आठवड्यातून एकदा मी अजून बेनरोमॅकच ओततो.

आईने त्या रात्री ग्लास परत देताना पुन्हा एकदा वास घेतला. म्हणाली, "पण संत्र्याची सालही आहे यात." मला ती सापडायला तीन महिने लागले होते.